सोने लाल कधी दिसते? प्रथिनांच्या मदतीने असे बनतात नॅनोकण

कोल्हापूर : गुजरीतल्या शोकेसमध्ये सोने पिवळेधमक दिसते. मात्र हेच सोने १०-२० नॅनोमीटरच्या कणांत पाण्यात विखुरले, तर पाणी माणकासारखे लाल होते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

जुनी पद्धत सोपी आहे. सोन्याचा क्षार सायट्रेटसोबत उकळायचा. अडचण पुढे येते. मीठ पडले की कण एकमेकांना चिकटतात, लाल रंग निळा होतो. रक्त आणि लघवीत क्षार असतातच. तिथे उघडे कण निकामी!

इथे प्रथिन कामी येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृतीत गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन, सोन्याचा क्षार आणि सोडियम हायड्रॉक्साइड ३७ अंश सेल्सिअसला १२ तास ठेवले. म्हणजे जेमतेम कोल्हापूरच्या उन्हाळी दुपारइतके तापमान. प्रथिनातील टायरोसिन सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देते, सिस्टीनमधील गंधक सोन्याला धरून ठेवते. तयार होतात अवघ्या २५ अणूंचे पुंजके. अतिनील प्रकाशात ते लाल चमकतात.

त्याआधीच, २००२ मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने फ्युझेरियम बुरशीकडून सोन्याचे कण करून घेतले होते. त्यांना स्थिर ठेवणारी प्रथिनेही बुरशीचीच.

गर्भचाचणी किंवा कोविडच्या रॅपिड किटवरची लालसर रेघ बहुतेकदा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. त्यांच्यावर बसवलेली अँटिबॉडी हेही प्रथिनच. कण आधीच गुठळले, तर रेघ नीट उमटत नाही. ‘सी’ खुणेपाशीही रेघ नसेल, तर ती चाचणी बाद धरतात.