क्ष-किरणांची मोजणी आणि पारख

कसोटीच्या दगडावर सोने घासून त्याचा कस पाहण्याची सराफाची रीत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अलीकडे पुष्कळ पेढ्यांवर एक पेटी दिसते. तिच्यात दागिना ठेवला की थोड्याच वेळात सोने किती, तांबे किती, चांदी किती, याचे आकडे पडद्यावर उमटतात. दागिना घासावा लागत नाही की वितळवावा लागत नाही. ही पेटी हे कसे ओळखते आणि तिच्या शब्दावर आपण कितपत विसंबावे, एवढाच आजचा विषय आहे.

राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. पुढे बार्क्ला या इंग्रज शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, क्ष-किरणांचा मारा केला असता प्रत्येक मूलद्रव्य आपले स्वतःचे ठराविक क्ष-किरण बाहेर टाकते. मोस्ली या तरुणाने १९१३ मध्ये या किरणांची अणुक्रमांकाशी सांगड घातली; दोनच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. तांब्याच्या मुख्य किरणाची ऊर्जा सुमारे ८.० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सोन्याच्या ९.७, तर चांदीच्या २२.१. हे माप अतिसूक्ष्म ऊर्जेचे आहे. आपण केवळ आकड्यांतील अंतर ध्यानात ठेवावे.

आता किरण नुसते मोजून भागत नाही. आरतीच्या तबकात दहा नाणी पडली एवढे कळल्याने रक्कम किती जमली हे कळत नाही. प्रत्येक नाणे केवढ्याचे, हे पाहावे लागते. गायगर गणक हा नुसता नाणी मोजणारा. किरण दुबळा असो वा जोरकस, त्याची 'टक्' सारखीच. आपल्या पेटीतील सिलिकॉनची चकती मात्र नाण्याचे मोल ओळखते. चकतीत किरणाचा एक कण शोषला गेला की त्याच्या ऊर्जेतील दर ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे सरासरीने एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. सोन्याच्या कणामागे सुमारे २,७०० इलेक्ट्रॉन, तांब्याच्या कणामागे २,२००. हा विद्युत्भार गोळा करून वाढविला की विजेचा एक क्षणिक स्पंद मिळतो, आणि त्याची उंची कणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात असते.

टपाल कचेरीत जशी पत्रे गावानुसार खणांत टाकतात, तसा प्रत्येक स्पंद त्याच्या उंचीप्रमाणे एकेका खणात जमा होतो. हजारो स्पंद जमले की खणांच्या ओळीवर ढिगांची शिखरे दिसू लागतात. शिखर कोठे आहे यावरून मूलद्रव्य ओळखावे. ढीग केवढा यावरून, योग्य तो हिशेब करून, त्याचे प्रमाण काढावे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ बरोबर चंद्रावर उतरलेल्या 'प्रज्ञान' गाडीवरील एका उपकरणाने तेथील मातीतील मूलद्रव्ये याच तत्त्वाने ओळखली.

परंतु शिखर हे सुईच्या टोकासारखे नसते. एकाच पोत्यातून दहा वेळा मूठभर ज्वारी घेतली तरी दाणे नेमके तेवढेच येत नाहीत, इलेक्ट्रॉनांचेही तसेच. वायू भरलेल्या जुन्या गणकात एका इलेक्ट्रॉनला पंचवीसएक इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्ची पडत. दाणे थोडे, म्हणून शिखर पसरट. तांबे ८.० वर आणि जस्त ८.६ वर, म्हणून पितळेचे दोन घटक तेथे एकाच टेकाडात मिसळून जात. सिलिकॉनमध्ये ते वेगळे दिसतात. मात्र शिसे आणि आर्सेनिक यांची मुख्य शिखरे जवळजवळ एकाच जागी, १०.५ च्या आसपास येतात, ती सिलिकॉनलाही वेगळी करता येत नाहीत. रंगात वा मातीत विष आहे ते कोणते, हे ठरविण्यासाठी तज्ज्ञाला त्यांची दुसरी, लहान शिखरे पाहावी लागतात.

दुसरा धोका घाईचा. मारा फार जोराचा केला तर दोन स्पंद एकमेकांवर पडतात. तांब्याचे दोन कण एकदम आले की यंत्र ते १६ उंचीचा एकच कण म्हणून नोंदते, आणि तेथे कोणत्याही मूलद्रव्याचे नसलेले शिखर उभे राहते.

तिसरी मर्यादा ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. सोन्याचे हे किरण मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाइतक्या वरच्या थरातूनच बाहेर येऊ शकतात. मुलामा जाड असेल तर पेटी मुलाम्याचा कस सांगेल, आतल्या धातूचा नव्हे. आणि त्यात तिचे खोटे असे काहीच नाही. म्हणून हॉलमार्कसाठी या तपासणीवरच न थांबता, नमुना काढून भट्टीत त्याचा कस ठरविण्याची जुनी पद्धत आजही राखली आहे.

तेव्हा पेढीवर आकडा पाहाल तेव्हा तो अवश्य माना, पण तो पृष्ठभागाचा आकडा आहे हे विसरू नका. मोठा व्यवहार असेल तर दागिना एकाच नव्हे, अनेक जागी तपासून घ्या, आणि हॉलमार्कचा आग्रह धरा.