बारा व्होल्टची होडी

छोट्या मच्छीमार होडीसाठी यंत्रं घ्यायला माणूस दुकानात शिरला की बोलणं पडद्याच्या इंचांवरून सुरू होतं. पाच इंची, सात की नऊ? रंग कसे दिसतात? मोबाइलला जोडता येतो का? होडीवर बॅटरी कोणती आहे, हे विचारणारा विक्रेता विरळा. होडीचा तळ लाकडाचा की फायबरचा, हे विचारणारा त्याहून विरळा. खरी निवड मात्र या दोन उत्तरांवर ठरते.

इथे होडी म्हणजे वीस ते तीस फुटांची, मागे आउटबोर्ड मशीन लावलेली, दोन ते चार माणसांची. पहाटे निघून दुपारपर्यंत परतणारी, किंवा संध्याकाळी जाळी सोडून सकाळी येणारी. वर्सोवा, अलिबाग, हर्णै, देवगड, मालवण, कुठेही गेलात तरी ती दिसते. सहा सिलिंडरच्या ट्रॉलरांची आणि पर्सनेटवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे केबिन असते, चार्जिंग असतं, सोनार असतो. छोट्या होडीवर सगळं उघड्यावर, हाताच्या अंतरावर आणि खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांत. तिथे प्रत्येक यंत्राने आपली जागा कमवावी लागते.

सगळ्यांना आधी हवा असतो तो फिशफाइंडर. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर जर्मनीतल्या अलेक्झांडर बेम यांनी पाण्यातल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून हिमनग ओळखता येईल का, याचा शोध सुरू केला. हिमनगांच्या बाबतीत ती युक्ती फारशी चालली नाही, पण समुद्राच्या तळाचा प्रतिध्वनी स्वच्छ येतो हे कळलं. १९१३ मध्ये त्यांनी खोली मोजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे जपानच्या नागासाकी भागात फुरुनो बंधूंनी हे तंत्र माशांकडे वळवलं. कुचिनोत्सु या बंदरात मच्छीमार बोटींवर विजेची कामं करणारं त्यांचं दुकान होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर नौदलाच्या जुन्या उपकरणांवर खटपट करून १९४८ मध्ये त्यांनी मासे शोधण्याचं पहिलं व्यवहारात चालणारं यंत्र बाजारात आणलं. मच्छीमारांचा आधी विश्वास बसला नाही. गोतो बेटांजवळ एका बोटीला या यंत्रामुळे लागोपाठ भरघोस मासळी मिळाली, तेव्हा गिऱ्हाईक आपोआप आलं.

यंत्राचं काम तसं सोपं. होडीच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका खाली सोडतो आणि परत आलेला ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, म्हणजे तीस मीटर खोलीवर जाऊन परत यायला सेकंदाचे चार शतांश लागतात. एवढ्या वेळेवरून खोली निघते. पडद्यावर सगळ्यात उजवीकडची उभी रेघ म्हणजे आत्ताचं पाणी. डावीकडे सरकत जाणारं चित्र म्हणजे होडी जिथून पुढे आली ते पाणी. हे नीट न कळल्यामुळे पडद्याच्या मधोमध दिसलेल्या थव्यावर जाळी टाकणारे लोक आहेत. तो थवा केव्हाच मागे पडलेला असतो.

माझं मत असं, की छोट्या होडीने हे यंत्र माशांसाठी न घेता तळासाठी घ्यावं. मासा ते अधूनमधून दाखवतं, तळ मात्र नेहमी दाखवतं. आणि जाळी फाटते ती तळामुळेच. मऊ चिखलातून आवाजाचा काही भाग आत मुरतो, तळाची रेघ बारीक आणि फिकट येते. खडकावर आदळलेला आवाज जोरात परततो, रेघ जाड आणि गडद दिसते. उथळ पाण्यात तर तो पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि दुप्पट खोलीवर दुसरी रेघ उमटते. ही दुसरी रेघ दिसू लागली की खाली कठीण आहे समजावं आणि जाळ्याचा हात आवरावा. शिशाच्या गोळ्याला चरबी लावून तो दोरीने खाली सोडायचा, वर आल्यावर चिकटलेली वाळू की चिखल ते पाहायचं आणि दोरी वावांत मोजायची, हे काम दर्यावर्दी पिढ्यानपिढ्या करत आले. यंत्र तेच काम सेकंदाला अनेकदा करतं. बहुतेक यंत्रांत खोली फॅदममध्ये लावता येते. म्हाताऱ्या तांडेलाला मीटर शिकवत बसण्यापेक्षा ती तशीच लावावी, म्हणजे पडद्यावरचा आकडा थेट वावांत वाचता येतो. एवढं लक्षात ठेवायचं, की मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी चार-पाच मीटरने वरखाली होतं. कालचा दहा वावांचा खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, आज भरतीला बारा वावांवर भेटेल.

आता मासे. माशाचं मांस पाण्याहून फारसं वेगळं नसतं, त्यामुळे आवाज त्यातून बराचसा पार जातो. जोरदार प्रतिध्वनी येतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळीची ही पिशवी, म्हणजे बोत, तर इतकी मोठी की परदेशी बाजारात तिचीच किंमत. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका बोटीला घोळीचा थवा मिळाला आणि लिलाव कोटीच्या पुढे गेला, तो या बोतापायीच. पण सुरमईला अशी पिशवी नसते. मुशीला नसते. कोळंबीचा तर प्रश्नच नाही. म्हणजे ज्या सुरमईसाठी पैसे मोजून यंत्र घेतलं, तीच त्यावर फिकट उमटते किंवा उमटतच नाही. जाणता माणूस पडद्यावर तारलीचा, बांगड्याचा थवा शोधतो आणि त्याच्या कडेने सुरमई असेल असा अंदाज बांधतो. चिल्लर मासळीचे ढग अचानक फुटून तळाकडे दाबले गेलेले दिसले, तर खाणारा मासा आसपास असण्याची शक्यता बरी.

पडद्यावर गोंडस माशांची चित्रं दाखवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती बंद करावी. यंत्र बुडबुड्यांनाही मासा म्हणतं, गवताच्या पुंजक्यालाही. मोकळा प्रतिध्वनी पाहायची सवय आठवडाभरात लागते.

फ्रिक्वेन्सीचा घोळ दुकानात मुद्दाम वाढवला जातो. आपल्या कामापुरतं एवढंच: ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो आणि रुंद पसरतो, २०० किलोहर्ट्झचा तेवढा खोल जात नाही, पण बारकावा दाखवतो. वीस मीटर पाण्यात वीस अंशांच्या झोताखाली तळाचा सुमारे सात मीटर रुंद गोल येतो. पंचेचाळीस अंशांच्या झोताखाली साडेसोळा मीटर. रुंद झोतात जास्त मासे दिसतात हे खरं, पण ते होडीच्या खाली आहेत की बाजूला, हे कळत नाही. पंधरा-वीस वावांच्या आत मासेमारी करणाऱ्याला २०० पुरतो. चर्प नावाचं तंत्र एकाऐवजी फ्रिक्वेन्सींची मालिका सोडतं आणि तळाला चिकटलेला मासा तळापासून वेगळा दाखवतं. परवडलं तर घ्यावं. बाजूचं चित्र दाखवणाऱ्या साइड स्कॅनसाठी मात्र जादा पैसे देऊ नयेत.

चांगलं यंत्र वाया जातं ते बसवण्यात. फायबरच्या होडीचा तळ एकसंध असेल तर ट्रान्सड्यूसर आतून चिकटवला तरी आवाज पार जातो, भोक पाडावं लागत नाही. पण फायबरच्या दोन थरांत फोम किंवा लाकूड भरलेलं असेल तर नाही. लाकडी होडीतून तर नाहीच, कारण लाकडात हवा असते. अशा होडीला मागच्या फळीवर बाहेरून ट्रान्सड्यूसर बसवावा किंवा दांड्याला बांधून बाजूने सोडावा. मशीनच्या पंख्यापासून तो दूर हवा, कारण फेसातून आवाज जात नाही. होडी वेगात असताना पडदा कोरा होतो अशी तक्रार असली की दहातली बरीचशी कारणं इथेच सापडतात.

फिशफाइंडर आणि जीपीएस एकाच पेटीत मिळत असेल तर तीच घ्यावी. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरचा गोंधळ दहा-वीस मीटरवर आला. तोपर्यंत डोंगराचं टोक देवळाच्या कळसाशी जुळवून खडप शोधले जात. ती विद्या धुक्यात आणि रात्री अडत असे. आता अडतात आकडे. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. शेजाऱ्याच्या यंत्रात अठरा अंश, तीस पूर्णांक पन्नास शतांश मिनिटं लिहिलेलं असतं, आपण ते तीस मिनिटं पन्नास सेकंद म्हणून भरतो आणि सहाशे मीटर दूर जाऊन पोचतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी मिळण्याच्या संभाव्य जागांची जी माहिती देते, तीही अक्षांश-रेखांशातच असते. तेव्हा कुठल्या पद्धतीचे आकडे आहेत ते आधी पाहावं. आणि जागा वहीतही लिहून ठेवाव्यात. यंत्र जळतं तेव्हा बापाच्या काळापासून जमवलेले खडपही त्याच्यासोबत जातात.

मोबाइलमधला जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो, हे अजून कित्येकांना माहीत नाही. नकाशा आधी उतरवून घेतलेला असला की झालं. दुसरं साधन म्हणून तो उत्तम. एकमेव साधन म्हणून नको; ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही.

आता बॅटरीकडे येऊ, जिथून खरं तर सुरुवात करायची. दोरी ओढून चालू होणाऱ्या छोट्या आउटबोर्डांना बहुधा चार्जिंगची सोय नसते. घरून भरून आणलेली बॅटरी संपली की संपली. समजा ३५ अँपिअर-तासांची साधी बॅटरी आहे. ती निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात राहिले सतरा. पाच इंची पडदा पाऊण अँपिअर घेतो असं धरलं, तर दहा तासांत साडेसात गेले. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत ठेवला तर चार, बोलण्याचा एखादा, रात्रीच्या एलईडी दिव्याचे दोन. साडेचौदा झाले. जमतंय. याच होडीवर दोन अँपिअर घेणारा नऊ इंची पडदा लावला तर तो एकटाच वीस खातो. मदतीची हाक द्यायची वेळ येते तेव्हा व्हीएचएफची कळ दाबताच व्होल्टेज पडतं आणि सेट बंद होतो. बॅटरी वाढवा, सोलर लावा, हे सगळे मार्ग आहेत, पण आधी गणित करा. कल्हई केलेली तांब्याची वायर, बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज, जोडांवर पेट्रोलियम जेली. खाऱ्या हवेत साधी वायर आतून हिरवी पडते आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

हाक देण्याच्या यंत्रांबाबत मी कंजुषी मान्य करणार नाही. व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनेल जहाजं आणि तटरक्षक दल सतत ऐकत असतं, आणि हाक आसपासच्या सगळ्यांना एकदम ऐकू जाते. मोबाइलने हे होत नाही. व्हीएचएफचा पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. पाण्यापासून तीन मीटर उंच अँटेना असलेल्या दोन होड्यांमध्ये सात-आठ सागरी मैल, किनाऱ्यावरच्या शंभर मीटर उंच अँटेनाशी पंचवीस. हातातल्या सेटवर दुसऱ्या होडीपर्यंत चार-पाच धरा. सेटला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो, तो काढून घ्यावा. कुणी परदेशी सॅटेलाइट फोन स्वस्तात देऊ केला तर त्या वाटेला जाऊ नये. विनापरवाना तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

पल्ल्याच्या पलीकडे उपयोगी पडतो तो इस्रोने बनवलेला संकटसूचक, डॅट. कळ दाबली की होडीचा ठिकाणा उपग्रहामार्फत तटरक्षक दलापर्यंत पोचतो. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ‘निरोप मिळाला’ असं उत्तरही परत येतं. उलटलेल्या होडीला धरून बसलेल्या माणसासाठी ते उत्तर काय असतं, ते वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांनी देशभरातल्या एक लाख मच्छीमार नौकांवर ठिकाणा कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू केली. ज्या वाढवण बंदराला किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले, त्याची पायाभरणीही त्याच कार्यक्रमात झाली. ट्रान्सपॉन्डर तरीही घ्यावा. बंदराचं भांडण वेगळं, रात्रीचा दर्या वेगळा.

आसपासच्या जहाजांना आपली जागा आपोआप कळवणाऱ्या एआयएस यंत्राबद्दल कुरकुर असते, कारण ते आपला ठिकाणा उघड्यावर सांगतं. आपली मासळीची जागा जगाला का दाखवायची? शंका रास्त आहे. पण मुंबई आणि न्हावाशेवा बंदरांच्या वाटेवर, जहाजांच्या रहदारीत, रात्री जाळी सोडून झोपणाऱ्या होडीने ते लावावंच. फायबरची बसकी होडी जहाजाच्या रडारवर जेमतेम दिसते. एआयएस परवडत नसेल तर धातूच्या पत्र्याचा रडार रिफ्लेक्टर उंच बांधा. त्याला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही आणि किंमत किरकोळ.

एका विजेच्या सामानाची मात्र बाजू घेता येत नाही. एलईडीच्या झगमगाटात मासे गोळा करून पकडायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतोच, आणि त्याची किंमत छोटी होडीच मोजते.

कोणत्या कंपनीचं घ्यावं? आपल्या बंदरात ज्याची दुरुस्ती होते आणि ज्याचा ट्रान्सड्यूसर शेजारच्या होडीवर आहे, त्याचं. पडदा उन्हात वाचता येतो का, हे दुकानाबाहेर उभं राहून पाहा. आधी बॅटरी आणि वायरिंग, मग व्हीएचएफ आणि डॅट, मग पाच इंची जीपीएस-फिशफाइंडर, आणि पैसे उरलेच तर एआयएस. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीमुळे होड्या ओढलेल्या असतात, बसवाबसवीचं काम तेव्हाच करा. आणि तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर होडीवरच्या सगळ्यात नव्या खलाशालासुद्धा पाठ हवेत. ते आजच रंगाने आतल्या फळीवर लिहून टाका.