वडिलोपार्जित सागवानी टेबल : मोडीत काढण्यापूर्वी

जुने घर पाडले किंवा भावाभावांत वाटणी झाली की, जे सामान बाहेर निघते त्यात आजोबांच्या काळातले एखादे जाडजूड सागवानी टेबल पुष्कळदा असते. भंगारवाला ते जळाऊ लाकडाच्या भावाने उचलतो. तसलेच टेबल साफ होऊन मुंबईच्या मटन स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात उभे राहिले की त्याची किंमत अनेक पटींनी वाढते. मधला नफा हा माहितीचा नफा आहे. ही माहिती आपल्या सुतार आणि पॉलिशवाल्या बांधवांना असावी व घरातले टेबल घरच्याच जेवणाला यावे, या हेतूने आम्ही येथे काही गोष्टी मांडीत आहोत.

प्रथम वारसाहक्क

वडिलांचे टेबल त्यांच्या पश्चात एकट्या थोरल्या मुलाचे होत नाही. शरीअतप्रमाणे त्यात सर्व वारसांचा, म्हणजे आईचा आणि बहिणींचाही हिस्सा असतो. दुरुस्तीनंतर किंमत वाढते व मग तंटे होतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच, आहे त्या स्थितीत, दोन जाणकारांकडून किंमत ठरवून ती कागदावर लिहावी. ज्याला टेबल हवे त्याने इतरांचे हिस्से चुकते करावेत किंवा त्यांची राजीखुशीची संमती घ्यावी. अशा वेळी कारागिराला किंमत विचारली गेली तर त्याने कोणाच्याही भिडेखातर ती कमी सांगू नये.

तपासणी

टेबल उलटे करून पाहावे. खालच्या बाजूला पॉलिश नसते, त्यामुळे लाकूड खरे दिसते. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी व हाताला किंचित तेलकट लागतो. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेच्या पांढरट लाकडाला मात्र कीड लागते. बारीक छिद्रांतून ताजी पूड पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजावे. औषध खालच्या बाजूने व पायांतच भरावे, जेवणाच्या फळीवर लावू नये.

टेबलावर जुना ऑइलपेंट असेल तर विशेष सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा रंग कोरडा घासू नये. रिमूव्हरने मऊ करून खरवडावा, उरलेला ओल्या पॉलिश पेपरने काढावा व कचरा पिशवीत बांधून टाकावा. लाकडाची धूळही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला आहे. तोंडाला नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही, चांगला मास्क वापरावा.

सांधे आणि फळ्या

भारतात फेविकॉल १९५९ साली आले. त्याआधीचे सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. सरस गरम पाण्याने किंवा वाफेने सुटतो, त्यामुळे हातोडीने ठोकून सांधा फोडण्याची गरज नाही. जुना सरस पूर्ण खरवडल्याशिवाय नवा गोंद धरत नाही. सांधा जुळवून शिकंज्यात रात्रभर ठेवावा. डगमगणाऱ्या पायाला खिळा मारणे हा तात्पुरता इलाज आहे. त्याने लाकूड फाटते.

वरच्या फळ्या पावसाळ्यात रुंदीला फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. तीन फूट रुंदीत हा फरक काही मिलिमीटर होतो. म्हणून फळी चौकटीला घट्ट जखडू नये; स्क्रूची भोके लांबट ठेवावीत. उन्हाळ्यात दिसणारी फट लांबीने बुजवू नये, पावसाळ्यात फळ्या एकमेकींना ढकलून वाकतात.

रंधा शक्यतो मारू नये. वर्षानुवर्षांच्या वापराने आलेला रंग एका हाताने उतरतो आणि पुन्हा चढत नाही. टेबलाचे मोल त्या रंगातच आहे.

पॉलिश

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे पॉलिश सुंदर दिसते, पण गरम भांड्याने मऊ पडते व पाण्याने पांढरे डाग धरते. ते पायांना आणि चौकटीला द्यावे. वरच्या फळीला अळशीच्या तेलाचे पातळ हात द्यावेत व प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. पीयू अधिक टणक असते, पण ओरखडा पडल्यास सगळे उतरवावे लागते. तेलाचा हात घरच्या घरी पुन्हा देता येतो. मात्र अळशीच्या तेलाचा बोळा कोपऱ्यात गोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेतो. तो पाण्यात बुडवावा किंवा उघड्यावर पसरून वाळवावा.

उंची

जेवणाचे टेबल २९ ते ३० इंच उंच असावे व प्रत्येकाला २४ इंच जागा मिळावी. सहा फुटी टेबलावर सहा माणसे सहज बसतात. उंची कमी असेल तर पायांखाली ठोकळे बसवावेत. जमिनीवर दस्तरख्वान घालून जेवणारी कुटुंबे कधी पाय कापून मागतात. अशा वेळी कारागिराने समजावून सांगावे की ठोकळा काढता येतो, पण कापलेला पाय परत येत नाही.

व्यापाऱ्यांसाठी

शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो आणि पुरावस्तू परदेशी पाठवण्यास खाजगी व्यक्तीला मनाई आहे. आखातातील नातेवाइकांना असे नक्षीदार टेबल पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

विकताना कोणता पाय नवा, कोणती फळी बदललेली, कुठे कीड होती, हे बिलावर लिहून द्यावे. मालातील दोष लपवून मिळवलेल्या पैशात बरकत नसते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शिवाय या धंद्यात गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला घेऊन येते. ज्याचे बिल खरे, त्याच्याकडेच पुढचे टेबल येते.