‘सँक्शन’ : मंजुरी की निर्बंध?

कचेरीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला ‘सँक्शन’ हा शब्द इंग्रजी वाटतच नाही. रजा सँक्शन होते, कर्ज सँक्शन होते. शिक्षकाचे एखादे पद सँक्शन व्हावे म्हणून संस्थाचालक वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. अर्थ एकच : मंजुरी. मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतावर ‘सँक्शन्स’ लादल्याचे इंग्रजी वृत्तपत्रांनी छापले. जूनमध्ये शाळा उघडताच दहावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, अमेरिकेने मंजुरी दिली, तर आपले लोक चिडले का?” वर्ग हसला. मला हसता आले नाही. एका शब्दापुढे एकच अर्थ लिहिलेली यादी मीच त्याच्याकडून पाठ करून घेतली होती.

या शब्दाच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ पवित्र, म्हणून अनुल्लंघनीय ठरविणे, असा आहे. ‘सेंट’ हा संतवाचक शब्दही त्याच कुळातला. कायदा मोडणाऱ्यास कोणती शिक्षा, हे सांगणाऱ्या कलमाला रोमन लोक ‘सँक्टिओ’ म्हणत. वाटा फुटल्या त्या येथे. अधिकाराने ज्यावर मोहोर उठविली ते मान्य झाले. ती मोहोर कोणी पुसू नये म्हणून योजिलेला दंडही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. बेंथॅमने १७८९ च्या आपल्या ग्रंथात माणसाच्या वर्तनाला बांधून ठेवणारी चार ‘सँक्शन्स’ सांगितली : नैसर्गिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक. यांपैकी तिसरे आपल्या घरोघरी ‘लोक काय म्हणतील’ या नावाने नांदत असतेच!

राष्ट्राराष्ट्रांतील निर्बंध हा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. इटलीने अबिसीनियावर आक्रमण केले तेव्हा, १९३५ मध्ये, राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. पण त्यांतून खनिज तेल वगळले. मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडले आणि जुलैत निर्बंधही उठले.

अर्थ ओळखायचा कसा? अनेकवचनी नाम आणि त्यापुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ आले, तर बहुधा निर्बंध समजावेत. क्रियापदाला मात्र हा नियम पुरत नाही. ‘सँक्शन्ड लोन’ म्हणजे मंजूर झालेले कर्ज. आणि आजच्या वृत्तपत्रातील ‘सँक्शन्ड बँक’ म्हणजे जिच्यावर निर्बंध घातले आहेत अशी बँक.