सुवाह्य विद्युत वेल्डिंग यंत्राचा सुरक्षित वापर व निगा : महाविद्यालयीन परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या परिसरात वर्षातून दोन-चार वेळा तरी वेल्डिंगचे काम निघतेच. प्रवेशद्वाराची बिजागरी निखळते, सायकल स्टँडचे पत्रे सुटतात, प्रयोगशाळेच्या खिडकीला जाळी बसवावयाची असते. फॅब्रिकेशनवाला रिक्षातून यंत्र आणतो, जवळच्या खोलीतील सॉकेटमध्ये वायरची उघडी टोके काडीने खोचतो आणि काम सुरू होते. ज्या खोलीतून वीज घेतली जाते तिची जबाबदारी बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे असते. त्याला विचारले गेलेच तर तो संमती देऊन तासाला निघून जातो. ही संमती देण्यापूर्वी त्याने काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कार्यशाळा हा विषय अभियांत्रिकीचा असला तरी येथील धोके कला व वाणिज्य महाविद्यालयांनाही तितकेच लागू आहेत.

पारिभाषिक मराठीत या प्रक्रियेस 'विद्युत प्रज्योत वितळजोडकाम' असे म्हटले जाते. कामावर ही संज्ञा कोणी उच्चारत नसल्याने येथे 'वेल्डिंग' हाच रूढ शब्द योजला आहे.

यंत्राचे स्वरूप :

वेल्डिंग यंत्र घरगुती विजेचा दाब उतरविते व प्रवाह वाढविते. रॉड कामाला टेकण्यापूर्वी होल्डरवर साधारणतः ५० ते ८० व्होल्ट दाब असतो. ज्योत पेटल्यावर तो २० ते ३० व्होल्टपर्यंत खाली येतो. प्रवाह मात्र २.५ मि.मी. व्यासाच्या रॉडसाठी सुमारे ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ मि.मी.साठी ९० ते १३० अँपिअर इतका लागतो. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. ज्योतीचे तापमान त्याच्या तिपटीहून अधिक असते. स्वीडनमधील ऑस्कर केल्बर्ग यांनी १९०४ च्या सुमारास लेप दिलेला रॉड प्रचारात आणला. आजचा रॉड तत्त्वतः तोच आहे.

यंत्रात मात्र मोठा बदल झाला. पूर्वीचे तेलाने थंड होणारे ट्रान्सफॉर्मर यंत्र हलविण्यास चार माणसे लागत. इन्व्हर्टर यंत्र खांद्याला अडकवून नेता येते. ते प्रथम विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करते व नंतर अतिशय जलद गतीने तिची उघडझाप करते. त्यामुळे आतील ट्रान्सफॉर्मर लहान असला तरी चालतो. या सुवाह्यतेमुळेच हे यंत्र कार्यशाळेची शिस्त मागे ठेवून वर्गखोल्यांच्या दारात येऊन पोहोचले आहे.

परतीची तार म्हणजे अर्थिंग नव्हे :

यंत्रातून दोन जाड तारा निघतात. एक होल्डरकडे जाते, दुसरी क्लॅम्पच्या साहाय्याने कामाला जोडली जाते. या दुसऱ्या तारेस सर्वत्र 'अर्थ' किंवा 'अर्थिंग' म्हणतात आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील सर्वांत घातक गैरसमज या एका शब्दात साठविलेला आहे. यंत्राच्या लोखंडी पेटीला विजेचा स्पर्श झाल्यास माणूस वाचावा यासाठी जी हिरवी तार तिसऱ्या पिनेला जोडतात, ते खरे अर्थिंग होय. क्लॅम्पची तार हा वेल्डिंगच्या प्रवाहाचा परतीचा मार्ग आहे. ती शंभर-सव्वाशे अँपिअर सतत वाहून नेते.

शब्द एक झाल्यामुळे कृतीही एक होते. 'अर्थ कुठेही दिली तरी चालते' असे समजून क्लॅम्प इमारतीच्या सळईला, नळाच्या पाइपला किंवा लांबच्या कठड्याला लावला जातो. मग प्रवाह परत येण्यासाठी मिळेल ती वाट धरतो. समजा, ज्या लोखंडी चौकटीवर काम सुरू आहे तिला टेकून एक ड्रिल मशीन ठेवलेले आहे. ड्रिलची लोखंडी पेटी तिच्या अर्थिंगच्या तारेने इमारतीच्या अर्थिंगशी जोडलेली असते, आणि इमारतीचे अर्थिंग बहुतेक ठिकाणी सळईशी व पाइपशी कोठे ना कोठे जोडलेले असते. दीड-अडीच चौरस मि.मी. जाडीच्या त्या तारेतून वेल्डिंगचा प्रवाह वाहू लागतो. ती तापते, तिचे आवरण वितळते, प्रसंगी ती तुटते. ड्रिल मात्र पूर्वीसारखेच चालते, कारण ते चालण्यासाठी अर्थिंगची गरज नसते. पुढे कधीतरी त्या ड्रिलमध्ये दोष निर्माण होतो व ते हातात धरणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा प्रयोगशाळा परिचराला संरक्षण उरलेले नसते. अपघात होतो तेव्हा वेल्डिंगचे काम होऊन महिने लोटलेले असतात, त्यामुळे दोहोंतील संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय साधा आहे. क्लॅम्प प्रत्यक्ष कामाच्या तुकड्यालाच, जोडाच्या शक्य तितक्या जवळ, रंग व गंज खरवडून लावावा. तार कमी पडल्यास अँगलचा तुकडा किंवा सळई मध्ये न घालता पुरेशा लांबीची तार मागवावी.

ईएलसीबी व कमी दाबाचा भ्रम :

'आमच्याकडे ईएलसीबी बसविली आहे' असे समाधान अनेक ठिकाणी ऐकू येते. हे उपकरण आत गेलेला व परत आलेला प्रवाह यांतील फरक ओळखते. वेल्डिंग यंत्रात पुरवठ्याची बाजू व होल्डरची बाजू ट्रान्सफॉर्मरने एकमेकींपासून विलग केलेल्या असतात. त्यामुळे पुरवठ्याकडील तारेत दोष असल्यास ईएलसीबी उपयोगी पडते. होल्डरकडून बसलेला धक्का तिला कळतच नाही.

हा धक्का क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. घामाने भिजलेल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला तर ८० व्होल्टवर ८० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. सुमारे १० मिलिअँपिअरला हाताची पकड सोडविणे अशक्य होऊ लागते आणि ३० ते ५० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणूनच आयईसी ६०९७४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्यावर्ती प्रवाहासाठी सामान्य जागी ८० व्होल्ट, तर ओल्या किंवा लोखंडाने वेढलेल्या अडचणीच्या जागी ४८ व्होल्ट अशा दोन वेगळ्या मर्यादा दिल्या आहेत. एकदिश प्रवाह देणारे यंत्र येथे तुलनेने बरे. कोकणातील पावसाळ्यात ओल्या जमिनीवर स्लीपर घालून बसलेला कारागीर हा दुसऱ्या गटातच मोडतो. त्याच्याखाली कोरडी फळी असणे व हातात कोरडे चामडी हातमोजे असणे ही किमान अट समजावी. काखेत होल्डर दाबून रॉड बदलण्याची सवय तर तत्काळ थांबवावी.

सॉकेटची क्षमताही तपासावी. १२० अँपिअरवर ज्योतीत सुमारे ३ किलोवॅट शक्ती खर्च होते. यंत्रातील घट धरता १६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा ओलांडली जाते. अशा कामासाठी योग्य क्षमतेचा स्वतंत्र स्विच व प्लग हवाच. काडीने खोचलेल्या तारांना परवानगी नसावी.

डोळे व धूर :

ज्योतीतील अतिनील किरणांनी डोळ्यांच्या पारदर्शक पटलास इजा होते व सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते. साधा काळा चष्मा उपयोगाचा नाही. १०० ते १५० अँपिअरसाठी १० किंवा ११ क्रमांकाची काच लागते. कारागिरापेक्षा कुतूहलाने पाहणारे विद्यार्थीच अधिक असुरक्षित असतात, म्हणून कामाभोवती पडदा असावा.

धुराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात केला. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास काही तासांनी थंडी-ताप येतो. गूळ खाल्ल्याने धूर बाधत नाही ही समजूत कामगारांत प्रचलित आहे, परंतु फुफ्फुसात गेलेल्या कणांवर गुळाचा काही इलाज चालत नाही. काम मोकळ्या हवेत करावे, मुलामा आधी घासून काढावा, चेहरा धुराच्या झोताबाहेर ठेवावा.

निगा :

यंत्रावरील पट्टीवर '२०० अँपिअर, ६० टक्के' असे लिहिलेले असते. याचा अर्थ दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती. अखंड कामासाठी तेच यंत्र सुमारे १५५ अँपिअरवर चालवावे लागते. विश्रांतीत यंत्र बंद न करता पंखा चालू ठेवावा.

या पंख्यामुळेच निगेचा मुख्य प्रश्न उद्भवतो. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर लोखंडाचा कीस आत ओढला जाऊन सर्किटवर बसतो. ठरावीक काळाने कोरड्या, कमी दाबाच्या हवेने तो काढावा. मात्र प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट काही काळ राहू शकतात. पेटी उघडण्याचे काम जाणकारानेच करावे.

जोडण्यांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. क्लॅम्पच्या सैल जोडात केवळ ०.०२ ओहम रोध निर्माण झाला तरी १५० अँपिअरला तेथे ४५० वॅट उष्णता तयार होते. काम थांबवून वीज बंद केल्यावर जोड हाताला पोळत असेल तर तो सैल आहे असे समजावे. तुटके होल्डर व टेपने गुंडाळलेल्या तारा दुरुस्त करण्याऐवजी बदलणेच इष्ट.

रॉडचा ओलावा हाही निगेचाच भाग आहे. ७०१८ प्रकारचे रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास सुकवावे लागतात, अन्यथा हायड्रोजनमुळे जोडात भेगा पडतात. नेहमीच्या ६०१३ रॉडना सुमारे १०० अंश पुरतात.

आगीसंबंधी काळजी भारतीय मानक ३०१६ मध्ये दिलेली आहे. ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत उडतात; भुश्श्यात किंवा कागदाच्या गठ्ठ्यात पडलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते. म्हणून काम संपल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, तेथे कोणीतरी थांबणे आवश्यक आहे. सायंकाळी पाचला महाविद्यालय बंद होत असेल तर ज्योत चारच्या आत विझली पाहिजे, आणि पुढचा तास कोणता शिपाई तेथे थांबणार हे संमती देतानाच लिहून ठेवले पाहिजे.