स्टील कारखान्याचा धूर : कारवाई नक्की कशी होते?

लोणावळ्याला आपण जातो ते स्वच्छ हवेसाठी. पण घाट उतरला की लगेच खोपोली, आणि तिथं पोलादाचे कारखाने कित्येक दशकांपासून आहेत. इकडे मावळातही तळेगाव, उर्से भागात कारखान्यांचा पट्टा आहे. भट्टीचा धूर मर्यादेबाहेर गेला, तर त्याला रोखतं कोण?

नियम काय सांगतो?

1981 च्या हवा प्रदूषण कायद्यानुसार कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते. एकदा उभारणीआधी, एकदा उत्पादनाआधी. चिमणीतून किती धूळ सोडता येईल, हे संमतीपत्रातच लिहिलेलं असतं. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीसाठी देशभराची मर्यादा आहे घनमीटरमागे 150 मिलिग्रॅम.

मग अडतं कुठं?

मोजणी चिमणीत होते. पण भट्टीत भंगार टाकताना आणि पोलाद ओतताना उठणारा धूर वरच्या हूडनं ओढून घेतला नाही, तर तो शेडच्या छपरातून बाहेर पडतो. चिमणीच्या आकड्यात तो येतच नाही. शिवाय धूळ अडवणाऱ्या बॅग फिल्टरचा पंखा भरपूर वीज खातो. तो बंद ठेवला की बिल वाचतं. तपासणीच्या दिवशी तो सुरू असला, की नमुना पास!

मंडळाच्या हातात काय आहे?

आधी नोटीस, मग बँक गॅरंटी जप्त. मर्यादा ओलांडली तर पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं त्याजागी 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणला. तो 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. मोठ्या कारखान्याला ही रक्कम जड नाही. खरं हत्यार आहे कलम 31अ. त्याखाली मंडळ कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. इंडक्शन भट्टी चालतेच विजेवर. वीज गेली, की सगळं थांबलं.

तुम्ही काय करू शकता?

नुसतं 'धूर येतो' म्हणू नका. तारीख, वेळ आणि व्हिडिओ द्या. धूर छपरातून येतोय की चिमणीतून, तेही लिहा. मावळातली तक्रार मंडळाच्या पुणे कार्यालयाकडे जाते, खोपोलीची रायगडकडे. माहिती अधिकारात संमतीपत्र आणि चिमणीच्या नमुन्यांचे अहवाल मागा. अहवालातल्या तारखा आणि तुमच्या व्हिडिओच्या तारखा शेजारी ठेवल्या, की तपासणी नेमकी कधी व्हायला हवी, हे अधिकाऱ्यांना पुराव्यासह सांगता येतं.