कॅमेऱ्याच्या तोंडावरचे जोडभिंग

मे २०२२ मधील गोष्ट. एका कारखान्याच्या छपराचे पत्रे बदलण्याचे काम चालू असता एक कंत्राटी कामगार वरून खाली पडला. छपराच्या कडेला कठडा नव्हता, असे त्याच्या सोबत्यांचे म्हणणे. होता, असे व्यवस्थापनाचे. आम्हांला फाटकाच्या आत मज्जाव. तेव्हा युनियनच्या एका तरुण कार्यकर्त्याने बाहेरच्या सडकेवरून छायाचित्रे घेतली. कॅमेरा नवशिक्याचा डीएसएलआर, त्याबरोबर मिळणारे १८-५५चे भिंग, आणि त्या भिंगाच्या तोंडावर आटे फिरवून बसविलेला, ‘२.२ पट’ असे छापलेला कन्व्हर्टर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर छप्पर जवळ आलेले पाहून आम्ही खूष झालो. संध्याकाळी संगणकावर चित्र मोठे केले, तो छपराच्या कडेला जांभळी-हिरवी झालर! त्या झालरीत कठडा आहे की नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर कठडा उभा होता.

दोष त्या पोराचा नव्हता, आमचा होता. लेथवर उमेदवारी करताना उस्ताद पहिल्याने हत्यार काय करते ते विचारीत, मग हातात देत. तो धडा आम्ही विसरलो होतो. म्हणून, श्रोतेहो, शाळा सातवीतच सुटली असूनही आम्ही हे भिंगांचे शास्त्र समजून घेण्याच्या मागे लागलो.

कन्व्हर्टर दोन जातींचे. एक बसतो कॅमेरा आणि भिंग यांच्या मधोमध. भिंगाने आत टाकलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो मोठा करून दाखवितो. पण उजेड काही वाढत नाही. एकाच उंड्याची भाकरी दुप्पट रुंद थापली, तर तिची जाडी चौथाई उरते. तद्वत् दुप्पट करणाऱ्या कन्व्हर्टरने उजेड चौथाईवर येतो, १.४ पटीच्याने निम्म्यावर. आमच्या भिंगाचे छिद्र ५५वर एफ/५.६, ते अशाने एफ/११ होणार, आणि नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा आपोआप फोकस एफ/५.६च्या पलीकडे चाचपडू लागतो. शिवाय कॅननचे स्वतःचे असे कन्व्हर्टर या लहान भिंगाला बसतच नाहीत. त्यांचा पुढे आलेला काचेचा भाग काही निवडक लांब पल्ल्याच्या भिंगांच्या पाठीतच शिरतो. तेव्हा ती जात आपल्या कामाची नव्हे.

दुसरी जात तोंडावर बसणारी. हिच्यात पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल काच असते; म्हणजे गॅलिलिओच्या दुर्बिणीचेच तत्त्व. तत्त्वतः ही उजेड खात नाही. मोह पडतो तो इथेच. पण साधी काच तांबड्या आणि निळ्या किरणांना सारखे वळवीत नाही. ते सावरण्यासाठी दोन निराळ्या जातींच्या काचा नेमक्या घासून जोडाव्या लागतात, आणि त्याला दाम पडतो. स्वस्त मालात ती काटकसर झालेली असते. आमची झालर ती हीच. त्यात भिंगाची नळी प्लास्टिकची. काही जुन्या १८-५५ भिंगांत फोकस करताना पुढची नळीच फिरते, आणि तिच्या तोंडाला हे ओझे लटकले की आतली चिमुकली मोटर कण्हू लागते.

तरीही वस्तू घरात आहेच, तर ती अशी वापरावी. भिंगाच्या कडेवर व्यासाचा आकडा असतो, कॅननच्या पुष्कळ १८-५५वर ५८, निकॉनच्या जुन्यांवर ५२. तो जुळला पाहिजे. भिंग ५५वर ठेवावे, नाहीतर कोपरे काळे पडतात. फोकस हाताने करावा, छिद्र एफ/८ वा एफ/११ इतके आवळावे, कॅमेरा तिपाईवर ठेवावा. रुंद दाखविणाऱ्या कन्व्हर्टरविषयी फार बोलण्यासारखे नाही. त्यातून सरळ भिंत धनुष्यासारखी दिसते. मात्र त्याचा मागचा तुकडा पुष्कळदा सुटा होतो आणि तो जवळच्या वस्तूंसाठी खरोखर उपयोगी पडतो. तुटलेल्या बोल्टचा भंग आम्ही त्यातून असा टिपला आहे की जुनी गंजलेली भेग आणि ताजी तूट वेगळी दिसते.

नंतर एका रविवारी युनियन कचेरीच्या गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीचा कठडा दोन्ही रीतींनी टिपून पाहिला. एकदा कन्व्हर्टर लावून. एकदा नुसत्या भिंगाने, आणि मग मधला भाग कापून. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी कापली तरी ६ मेगापिक्सेल उरतात. दहा इंच रुंद स्वच्छ छापायला ते पुरतात. कापलेल्या चित्रात कठड्याच्या सळ्या मोजता आल्या. कन्व्हर्टरच्या चित्रात आल्या नाहीत. डीएसएलआरची सद्दी आता मिररलेस कॅमेऱ्यांनी संपविली आहे, त्यामुळे ५५-२५०सारखे खरे लांब पल्ल्याचे भिंग जुन्या बाजारात मिळते. वर्गणी काढून आम्ही तेच घेतले.

कारखाना निरीक्षकाकडे दिलेल्या तक्रारीला मात्र जोडायला आमच्यापाशी ती झालरच होती. अर्जात सोबत्यांचे जबाब गेले. छायाचित्राची जागा रिकामी राहिली.